तीस भट्ट्यांचं गाव आणि एक स्प्रिंगबँक

कडेकपार (धागाकर्ता)

मागे पावसाळी ट्रेकच्या धाग्यावर मी ओझरतं लिहिलं होतं की स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउनला जाऊन स्प्रिंगबँक ही व्हिस्कीची डिस्टिलरी पाहून आलो, आणि तेव्हापासून तिघाचौघांनी व्यनि करून पिच्छा पुरवलाय. घ्या. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. (चहाच. मी स्वतः महिन्याकाठी दोन पेगच्या वर जात नाही. शिक्षण मेकॅनिकलचं, त्यामुळे बाटलीपेक्षा भट्टीत जास्त जीव.)

ग्लासगोहून कॅम्पबेलटाउन सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही, पण रस्त्याने सव्वादोनशेच्या आसपास भरतं. दाभोळला फेरीबोट नव्हती तेव्हा समोर दिसणाऱ्या काठावर जायला चिपळूणवरून वळसा पडायचा, तसलाच प्रकार. फरक इतकाच की इथे एक खाडी संपली की दुसरी. लॉक लोमंडच्या (लॉक म्हणजे तळं) काठाने वर चढायचं, मग इनव्हरारी, लॉकगिल्पहेड, टार्बर्ट, आणि पुढे किंटायर नावाची जमिनीची लांबलचक पट्टी समुद्रात शिरलेली. तिच्या टोकाशी हे गाव. वस्ती पाचेक हजार.

या एवढ्याशा गावात, पुढेमागे चाललेल्या सगळ्या धरल्या तर, तीसहून जास्त डिस्टिलऱ्या होऊन गेल्या. १८८०च्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड नावाचा एक लेखक ब्रिटनभरच्या डिस्टिलऱ्या पाहत फिरला, तेव्हा त्याने इथल्या २१ चालू डिस्टिलऱ्यांची नोंद केली. आपल्याकडे इचलकरंजीत जसे गल्लीगल्लीतून मागांचे आवाज येतात, तशी इथे गल्लीगल्लीत धुराडी. कारणं साधी होती. किंटायरमध्ये बार्ली पिकायची, शेजारी ड्रमलेंबलला कोळशाची खाण, जाळायला पीट (दलदलीतली वाळवलेली कुजकी माती), क्रॉसहिल लॉकचं पाणी, आणि दारातच बंदर. बोटीत पिंपं चढवली की ग्लासगोची बाजारपेठ मोकळी.

मग उतरती कळा लागली. वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून ब्लेंड करणाऱ्या बड्या कंपन्यांना हलक्या चवीची व्हिस्की हवी होती आणि ती ईशान्य स्कॉटलंडातल्या स्पेसाइडहून आगगाडीने मिळू लागली. कॅम्पबेलटाउनचा माल जड, तेलकट, धुरकट. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. तिकडे चोरून माल पोचवणाऱ्यांना दर्जाशी काय देणंघेणं, त्यामुळे इथल्या काहींनी घाईघाईत काहीबाही गाळून पाठवलं. गावाचं नाव इतकं खराब झालं की हे लोक हेरिंग माशांच्या पिंपात व्हिस्की भरतात अशी वदंता पसरली. खरी असो वा नसो, नाव गेलं ते गेलं. विशीच्या दशकात एकेक धुराडं विझत गेलं आणि १९३०च्या दशकाच्या मध्याला दोनच उरल्या, ग्लेन स्कोशिया आणि स्प्रिंगबँक. मी गेलो तेव्हा तीन होत्या. तिसरीची गोष्ट पुढे.

स्प्रिंगबँक १८२८ची. त्याआधी त्याच जागी आर्चिबाल्ड मिचेल यांची विनापरवाना भट्टी होती असं सांगतात. १८२३च्या कायद्याने परवाना परवडण्याजोगा झाला आणि चोरून गाळणारे बरेच जण सरळ मार्गाला लागले. परवाना काढला तो रीड कुटुंबाने, म्हणजे मिचेलांच्या सोयऱ्यांनी. नऊ वर्षांत त्यांचे हात आखडले आणि १८३७ला जॉन आणि विल्यम या मिचेल भावांनी डिस्टिलरी घेतली. १८३८ साली किल्मार्नॉकच्या एका जॉन वॉकरने इथून माल नेल्याची नोंद आहे. किराणा दुकानदार होता. हो, तोच, जॉनी वॉकरवाला. पुढे भावाभावांत बिनसलं (मेंढ्यांवरून म्हणे!), विल्यम बाहेर पडला आणि १८७२ मध्ये त्याने हाकेच्या अंतरावर ग्लेनगाइल काढली. जॉनने मुलाला, अलेक्झांडरला, हाताशी घेतलं. त्या बापलेकांची जे. अँड ए. मिचेल कंपनी आजही मालक आहे. मिचेलांच्याच वंशातले हेडली राइट कित्येक दशकं कंपनीचे अध्यक्ष होते, २०२३ मध्ये वारले.

आता मुख्य गोष्ट. स्कॉटलंडच्या बहुतेक डिस्टिलऱ्या तयार माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) विकत आणतात. मोठाल्या ड्रममध्ये टनावारी माल्ट करणारे कारखाने वेगळे, गाळणारे वेगळे, पिंपं साठवणारे आणि बाटल्या भरणारे कधीकधी शंभर मैल लांब. स्प्रिंगबँकमध्ये बार्ली भिजवण्यापासून बाटलीवर लेबल लावण्यापर्यंत सगळं एका आवारात चालतं, आणि लागणारी बार्ली शंभर टक्के तिथल्याच जमिनीवर माल्ट होते. लाफ्रॉइग, बोमोर या डिस्टिलऱ्यांकडेही जमिनीवरचं माल्टिंग आहे, पण गरजेपुरतं नाही, काही हिस्सा बाहेरून येतो.

ती खोली पाहण्यासाठीच मी गेलो होतो. बुटकं छत, लहान खिडक्या, दगडी जमीन, आणि तिच्यावर वीतभर जाडीचा ओल्या बार्लीचा थर. दोन-तीन दिवस पाणी दे, निथळ असं करून भिजवलेली बार्ली इथे पसरतात. पाच-सहा दिवसांत मोड येतात. मोड येताना दाणा तापतो, म्हणून दर काही तासांनी ती लाकडी फावड्याने उलथीपालथी करायची, रात्रीसुद्धा. नाही केली तर मुळं एकमेकांत गुंतून गोधडी तयार होते. आम्हाला फिरवणारा माणूस म्हणाला, हात घाल. कोपरापर्यंत बाही सारून घातला. वर गार, आत ऊबदार. वास काकडी चिरल्यासारखा. त्याने एक दाणा उचलला, अंगठ्याने चिरडला आणि भिंतीवर ओढला. पांढरी रेघ उठली. म्हणाला, खडूसारखं लिहिलं की झालं, आता भट्टीत न्यायचं. प्रयोगशाळा आहे, तपमापक आहेत, तरी शेवटचा शब्द त्या रेघेचा.

मग मला फावडं दिलं. चार मिनिटांत खांदा बोलायला लागला. पूर्वी या कामाने कामगारांचा एक खांदा कायमचा खाली उतरायचा, त्याला 'मंकी शोल्डर' म्हणत. आम्ही पाच-सहा पाहुणे हसत होतो, फावडंवाला हसला नाही.

पुढचं आता थोडक्यात, कोणी विचारलं तर सविस्तर. मोड आलेली बार्ली वाळवायची भट्टी एकच, पण व्हिस्क्या तीन. 'स्प्रिंगबँक'साठी सहा तास पीटचा धूर आणि मग चोवीसेक तास नुसती गरम हवा. 'लाँगरो'साठी अठ्ठेचाळीस तास पीट. 'हेझलबर्न'ला धूर अजिबात नाही. मग दळण, मग वरून उघडं असलेलं बिडाचं जुनं मॅश टन (दळलेला माल्ट गरम पाण्यात कालवायचं भांडं), मग लार्च लाकडाची आंबवण्याची पिंपं. आंबवणं शंभर तासांच्याही वर जातं. बऱ्याच ठिकाणी दोन-अडीच दिवसांत उरकतात. मग गाळायच्या तीन तांब्याच्या भट्ट्या. पहिलीच्या बुडाखाली अजून थेट ज्वाला आहे, तेलाची, सोबत आत वाफेचं वेटोळं. बुडाला काही करपू नये म्हणून आत तांब्याची साखळी फिरत राहते, खीर लागू नये म्हणून आपण पळी फिरवतो तशी. बाहेर उभं राहिलं की खळ्ळ-खळ्ळ ऐकू येतं.

ऊर्ध्वपातन अडीच वेळा.

---

नाना_फुरसुंगी

दंडवत घ्या. एकच शंका. दोनदा समजलं, तीनदा समजलं, अडीच वेळा म्हणजे तिसऱ्यांदा अर्ध्यात गॅस बंद करतात का?

---

तुळशीवृंदावन

दारूच्या धाग्यावर माझं काय काम म्हणून वाचत नव्हते, पण खडूच्या रेघेपाशी अडकले. कडेकपार, तुम्ही जे वर्णन केलंत ते थेट नाचणीचं सत्त्व आहे हो! आमच्या आजीचं ऐका: नाचणी रात्रभर भिजवायची, उपसून पंच्यात घट्ट बांधायची, मोड आले की सावलीत खडखडीत वाळवायची, जरा भाजायची, मोड चोळून पाखडायचे, मग दळून वस्त्रगाळ. बाळाला ती पेज नुसत्या नाचणीच्या पेजेपेक्षा गोड लागते आणि पातळ होते. ते का, हे मला कधीच कळलं नाही. आजी म्हणायची मोड आले की धान्याला दया येते.

आणि हो, पुरचुंडीत हात घातला की आत गरमच असतं. मटकीचंही तेच.

---

कडेकपार

@तुळशीवृंदावन ताई, तुमच्या आजींना साष्टांग. प्रक्रिया तीच आहे, शब्दशः. दाण्यातला पिष्टाचा साठा म्हणजे अंकुराची शिदोरी. ती फोडून साखर करायला दाणा मोड येताना स्वतःच विकरं (एन्झाइम) तयार करतो, अमायलेज वगैरे. म्हणून तुमची पेज गोड आणि पातळ. व्हिस्कीवाल्यांना नेमकी हीच विकरं हवी असतात, कारण यीस्ट पिष्ट खात नाही, साखर खातं. आता अंकुराला आणखी वाढू दिलं तर शिदोरी तोच फस्त करणार. म्हणून योग्य क्षणी त्याला वाळवून थांबवायचं, पण विकरं मरतील इतकं तापवायचं नाही. तुमची आजी 'जरा' भाजायची त्यातला तो 'जरा'. नंतर मॅश टनमध्ये गरम पाणी घातलं की थांबलेलं काम पुन्हा सुरू, आणि सगळं गोड पाणी होतं. मी चमचाभर चाखलं. हॉर्लिक्स, फक्त दुधाशिवाय. हॉर्लिक्सही माल्टच.

@नाना, गॅस बंद नाही करत :) आकड्यात सांगतो. आंबवलेलं पाणी (त्याला वॉश म्हणतात, इथलं साधारण बिअरइतकं सौम्य) पहिल्या भट्टीत गाळलं. जे मिळालं ते 'लो वाइन्स'. समजा शंभर लिटर. त्यातले वीस बाजूला ठेवायचे. ऐंशी दुसऱ्या भट्टीत पुन्हा गाळायचे, त्यातून निघतात 'फेंट्स'. आता हे फेंट्स आणि बाजूला ठेवलेले वीस एकत्र करून तिसऱ्या भट्टीत. म्हणजे वीस लिटरवाला भाग दोनदाच गाळला गेला आणि बाकीचा तीनदा. याला म्हणायचं अडीच. लाँगरो सरळ दोनदा, हेझलबर्न सरळ तीनदा. तीन भट्ट्या त्याच, नळ फिरवून वाट बदलायची. पाइपिंगचा नकाशा पाहून मला लोकलचं दादर जंक्शन आठवलं.

आणखी एक गंमत. मधल्या भट्टीची वाफ थंड व्हायला जुन्या पद्धतीचं 'वर्म टब' आहे, म्हणजे बाहेर पाण्याच्या टाकीत बुडवलेलं तांब्याचं वेटोळं. बाकीच्यांना आधुनिक कंडेन्सर. वर्म टबमध्ये वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो, तांबं जे गंधकी वास खेचून घेतं ते कमी खेचलं जातं, म्हणून माल जड उतरतो.

---

माडाची_सावली

अरे व्वा. गोव्यातल्या सांग्याकडचा माणूस, आता राहवत नाही.

तुमच्या लो वाइन्सला आमच्याकडे सुंदर नाव आहे: उर्राक. काजूच्या बोंडांचा रस म्हणजे निरो. तो आपोआप आंबतो, विकतचं यीस्ट कोणी घालत नाही. तो भाटीवर चढवला की पहिल्या धारेला उर्राक मिळतो. सौम्य, फळाचा वास मारणारा, मार्च ते मे एवढाच. पुढे टिकत नाही. फेणी करायची तर नुसता उर्राक परत गाळत नाहीत, त्यात पुन्हा निरो घालून चढवतात. म्हणजे आमच्या फेणीतही एक भाग दोनदा गाळलेला आणि एक भाग एकदाच. नानांच्या हिशेबाने आमची दीड वेळा!

जुन्या पद्धतीत खाली भांण, त्यातून नळी, आणि वाफ उतरते ती लावणीत. लावणीवर बाहेरून पाणी ओतत राहायचं, तोच आमचा कंडेन्सर. माझे मामा बाटलीत थोडी फेणी घेऊन ती हलवायचे आणि बुडबुड्यांची माळ किती वेळ टिकते त्यावरून ग्राव (फेणीच्या तीव्रतेचं माप) सांगायचे. तुमच्या खडूच्या रेघेसारखंच. काजू फेणीला २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण माळ बघून सांगणारे आता आमच्या वाड्यावर दोघेच उरलेत.

मूळ मुद्दा: फेणी पिंपात मुरवायची चाल नाही, रंग पांढराच. व्हिस्कीचा रंग आणि अर्धी चव लाकडाची. यात तुमचं कौशल्य काय आणि ओकच्या झाडाचं काय?

---

खडूस_सदाशिव

लेख बरा आहे. तरी 'परंपरा' शब्दाने लोक भाबडे होतात म्हणून काही मुद्दे.

एक तर, लेखातून असा समज होतो की १८२८पासून आजतागायत फावडं थांबलंच नाही. चूक. स्प्रिंगबँकने १९६०मध्ये स्वतःचं माल्टिंग बंद केलं होतं. पुन्हा सुरू केलं ते १९९२मध्ये. बत्तीस वर्षं माल्ट बाहेरून येत होता. दुसरं, डिस्टिलरी स्वतःच १९२६ ते १९३३ बंद होती. १९७९ला पुन्हा बंद पडली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ गप्पच. तिसरं, थेट ज्वाला ज्वाला म्हणताय ती तेलाची. शंभर वर्षांपूर्वी कोळसा होता.

तेव्हा ही अखंड परंपरा नव्हे, मोडलेलं दुकान पुन्हा मांडलंय. पर्यटकांना फावडं हातात देणं हा धंद्याचा भाग.

---

कडेकपार

@खडूस_सदाशिव, तिन्ही मुद्दे मान्य. १९६० ते ९२चं मला माहीत होतं आणि लांबण नको म्हणून गाळलं, ते गाळायला नको होतं. फक्त शेवटच्या वाक्याशी भांडतो.

१९९२ म्हणजे काय काळ होता पाहा. ऐंशीच्या दशकात व्हिस्की इतकी पडून होती की स्कॉटलंडभर डिस्टिलऱ्या बंद होत होत्या. तयार माल्ट एका फोनवर मिळत होता, स्वस्त आणि एकसारखा. अशा वेळी ज्या माणसाने एकदा बंद केलेलं, जास्त माणसं लागणारं, रात्रपाळीचं काम मुद्दाम परत सुरू केलं, त्याला पर्यटक दिसत असतील असं मला नाही वाटत. तेव्हा त्या टोकाला येत कोण होतं? चालत आलेलं चालू ठेवायला फार डोकं लागत नाही, सवय पुरते. बंद पडलेलं पुन्हा सुरू करायला मात्र कोणीतरी बसून हिशेब करावा लागतो आणि तो तोट्याचा निघाला तरी सही करावी लागते. म्हणून मला ते बत्तीस वर्षांचं खिंडार कमीपणाचं वाटत नाही.

त्यांचा हिशेब नुसता पैशाचा नव्हता, असं गावात कोणीही सांगेल. आजच्या मोठ्या डिस्टिलरीत एका पाळीला दोन-तीन माणसं पडद्यासमोर बसून कित्येक पट माल काढतात. इथे त्याच्या अंशभर मालासाठी डझनावारी लोक कामाला. मासेमारी घटलेल्या, खाण बंद झालेल्या गावात हे फार मोठं आहे. बाटल्या भरायच्या हॉलमध्ये मी पाहिलं, दोन बायका लेबलं तपासत होत्या आणि रेडिओवर काहीतरी लागलं होतं त्यावर वाद घालत होत्या. तो हॉल जुन्या लाँगरो डिस्टिलरीच्या इमारतीतला. मूळ लाँगरो १८९६ला बंद पडली, तिचं नाव आता व्हिस्कीला दिलंय. हेझलबर्नचंही तसंच, ती १९२५ला बंद झाली.

तिसऱ्या डिस्टिलरीचं राहिलं होतं ना? तेच. रुसून गेलेल्या विल्यमची ग्लेनगाइल १९२५ला बंद झाली आणि पुढे इमारतीचे वेगवेगळे उपयोग होत राहिले. हेडली राइटनी २००० साली ती विकत घेतली आणि २००४ला पुन्हा भट्टी पेटवली. भट्ट्यासुद्धा एका बंद पडलेल्या डिस्टिलरीच्या, बेन वायव्हिसच्या. असं सांगतात की व्हिस्कीवाल्यांच्या संघटनेत कुजबुज चालली होती: दोनच डिस्टिलऱ्या उरल्या तर कॅम्पबेलटाउन हा वेगळा 'प्रदेश' कशाला म्हणायचा? लोलँड्समध्ये (स्कॉटलंडच्या दक्षिण भागात) तेव्हा तीन होत्या आणि त्यांना प्रदेश म्हणत होते. राइट म्हणाले असणार, मग आमच्याही तीन करू. २००९च्या कायद्यात कॅम्पबेलटाउनचं नाव शाबूत आहे. ग्लेनगाइल हे नाव दुसऱ्या कोणाकडे असल्याने व्हिस्की 'किलकेरन' नावाने येते. गावाच्या जुन्या गेलिक नावातला तो तुकडा.

---

खडूस_सदाशिव

'म्हणाले असणार' हा पुरावा नव्हे. पण सहीचा मुद्दा पटला. नोंद घेतली आहे.

---

नाना_फुरसुंगी

खडूसना मुद्दा पटला! धागा वर ठेवा, पिन करा, फ्रेम करा.

---

होक्काइडोचा_बंड्या

हेझलबर्नचं नाव निघालं म्हणून. मी सापोरोला असतो, इथून तासाभरावर योइची डिस्टिलरी. तिचे संस्थापक मासाताका ताकेत्सुरु रसायनशास्त्र शिकायला स्कॉटलंडला गेले होते आणि १९२० साली हेझलबर्नमध्ये काही महिने उमेदवारी केली. त्याच वर्षी जानेवारीत रीटा कोवन या स्कॉटिश मुलीशी लग्न झालेलं, म्हणजे नवं बिऱ्हाड कॅम्पबेलटाउनातच. दिवसभर पाहिलेलं ते वह्यांत उतरवायचे, भट्ट्यांची चित्रं काढून. परत आल्यावर आधी यामाझाकी डिस्टिलरी उभी करायला मदत केली आणि १९३४ला स्वतःची योइची काढली.

आणि खडूस काकांसाठी: योइचीत अजून कोळशाची थेट आग आहे. माणूस दर काही मिनिटांनी फावड्याने कोळसा टाकतो. हेझलबर्न बंद झाली त्याला शंभर वर्षं होतील-झाली, पण ताकेत्सुरुंच्या वहीतून तिचं बरंच काही इकडे बर्फात येऊन बसलंय.

---

कडेकपार

@बंड्या, क्या बात! मला हेझलबर्नची जागा दाखवली होती, पण तिथे बघण्यासारखं फार काही नाही, साध्या इमारती.

@माडाची_सावली, झाडाचं श्रेय मोठंच आहे, निम्म्याहून जास्त म्हणणारेही आहेत. कायद्याने किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात ठेवल्याशिवाय स्कॉच म्हणताच येत नाही. पिंपं बहुतेक सेकंडहँड: अमेरिकेत बर्बन व्हिस्की मुरवलेली, नाहीतर शेरीची. नवं लाकूड दांडगाई करतं, एकदा दुसऱ्याच्या हाताखाली राहून आलेलं जरा वळणावर असतं. गोदामं जुन्या धाटणीची, मातीची जमीन, पिंपं तीन थरांपर्यंतच रचलेली. आत शिरल्यावर ओल्या गोणपाटाचा वास, त्यात पिकलेला पेअर, आणि दाराच्या फटीतून समुद्र. त्या वासाने मी तिथे पंधरा मिनिटं उगाच रेंगाळलो.

बहुतेक बाटल्यांत ४६ टक्के मद्यार्क, रंग मिसळत नाहीत, थंड करून गाळत नाहीत. पाणी घातलं की गढूळ होते.

---

बंगळुरी_भाऊ

व्हिस्की करणाऱ्या आमच्या अमृत कंपनीबद्दल कोणी बोलणार की नाही? बंगळुरूत वर्षाला दहा-बारा टक्के माल पिंपातून हवेत जातो, स्कॉटलंडात दोन टक्के. २००४ साली अमृतने आपली सिंगल माल्ट विकायला थेट ग्लासगो गाठलं होतं. मालक जगदाळे. नाव वाचून कॉलर ताठ करू नका, कंपनी पक्की कर्नाटकाची आहे.

मुद्दा असा की तुमच्या थंडीत बारा वर्षांनी जे होतं ते आमच्याकडे चार-पाच वर्षांत होतं.

---

कडेकपार

@बंगळुरी_भाऊ, अमृतचा स्वतंत्र धागा तुम्ही काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. पण 'तेच' होतं असं नाही. उकाड्यात लाकडातलं पटकन उतरतं हे खरं, पण मुरताना हवेबरोबर जे सावकाश घडतं त्याला उन्हाचा शॉर्टकट नाही. लोणचं उन्हात ठेवून लवकर मुरतं, पण गेल्या वर्षीच्या बरणीतलं ते गेल्या वर्षीच्या बरणीतलंच. दोन्ही चांगली, एकमेकांची बदली नव्हेत.

---

सुटाबुटातला_वाघ

सगळं ठीक, मिळते कुठे? लंडनमध्ये एका दुकानात नाव नोंदवून आठ महिने झाले. लॉटरी काढतात म्हणे. लॉटरी! रेशनच्या रांगेत निदान पुढचा माणूस दिसायचा.

---

कडेकपार

@वाघ, गेल्या काही वर्षांत वेड लागलंय लोकांना. बाटली लागली की घरी न उघडता लिलावात. त्यातून सुटका हवी असेल तर किलकेरन घ्या, तीच माणसं, तोच माल्ट, मारामारी कमी. नाहीतर थेट गावात जा. माझंच सांगतो, इतका प्रवास करून गेलो आणि दुकानातला दहा वर्षांचा स्प्रिंगबँक त्या दिवशी संपलेला. हॉटेलच्या बारमध्ये एक पेग मिळाला. मीठ, शेंगदाण्याचं तेल, शेवटी किंचित धूर. बारवाल्याने विचारलं, फावडं मारलंस ना? खांदा चोळताना दिसत होतो बहुतेक.

---

तुळशीवृंदावन

आम्ही जूनमध्ये लेकीकडे एडिनबराला जातोय. हे घेतात कधीमधी, मी नाही. माझ्यासारखीने तिथवर जावं असं आहे का काही? मला ती माल्टची खोली बघायचीच आहे.

---

कडेकपार

@तुळशीवृंदावन ताई, जरूर जा. दोन सूचना. आधी नोंदणी करा आणि तेव्हाच विचारून घ्या की त्या आठवड्यात जमिनीवर बार्ली पसरलेली असेल का. एवढ्या छोट्या जागेत सगळे टप्पे रोज चालू असतीलच असं नाही. सकाळची वेळ घ्या.

आणि तुमच्यासाठी एक खास जागा. गावाच्या खाडीच्या तोंडाशी डावार नावाचं बेट आहे. ओहोटीला खड्यांचा बांध उघडा पडतो, चालत जाता येतं. बेटाच्या पलीकडच्या बाजूला एका गुहेत येशूच्या क्रुसावरच्या प्रसंगाचं चित्र आहे. १८८७ साली तिथल्याच एका चित्रकला शिक्षकाने, आर्चिबाल्ड मॅकिननने, कोणाला न सांगता काढलेलं. खडकाळ वाट आहे, बूट चांगले घाला. आणि भरतीचं वेळापत्रक पाहूनच निघा, नाहीतर सहा तास बेटावर बसावं लागेल.

---

तुळशीवृंदावन

भरती-ओहोटीचं मला नका सांगू. माहेर हर्णैचं आहे.

बूट घेते. आणि आजीच्या पद्धतीचं मूठभर सत्त्व बरोबर नेते, त्या फावडंवाल्याला दाखवायला.